मुलांचा बाजार, नट्टीचा चिखल आणि पोर्शन: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. गेल्या वर्षभरात शाळेत जे जे झालं त्यावर पालकांचे प्रश्न येतच राहिले. काही ग्रुपवर आले, काही फाटकाशी, काही भाजी घेताना पिशवी हातात धरून. तेच उत्तर दहांदा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत. चिडून विचारलेले चिडलेलेच ठेवलेत. लिहिणारी मी चौथीची बाई, त्यामुळे चौथीची उदाहरणं जरा जास्त झालीत, सांभाळून घ्या.

१. शाळा कितवीपर्यंत आहे? फी किती?

पहिली ते सातवी. फी नाही. पाठ्यपुस्तकं, गणवेश, बूट-मोजे सरकारकडून मिळतात. पुस्तकं मराठी माध्यमाची, पण कर्नाटक सरकारची. हे मुद्दाम सांगते, कारण दर जूनला कोणीतरी कोल्हापूरहून बालभारतीचा अख्खा संच विकत आणतं. आणलाच असेल तर फेकू नका, गोष्टी वाचायला उपयोगी पडतो.

दाखल्यासाठी जन्मदाखला आणि आधार कार्ड आणा. जन्मदाखला हाताशी नसला तरी मूल घेऊन या. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. वर्षाच्या मधेच आला असाल तर प्रश्न १३ पाहा.

२. मराठी शाळेत घातलं तर पोरीला कन्नड येणार काय? उद्या तालुक्याच्या हापिसात काय करील ती?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्यांतले निम्मे स्वतः हापिसात दुभाषा घेऊन जाणारे असतात. म्हणून जरा सविस्तर.

कन्नड सगळ्यांना आहे. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून एकेक इयत्ता करत ती लागू होत गेली. पण विषय वेळापत्रकात असला म्हणून तोंडात येत नाही. आमची मुलं कन्नड धडा खडाखडा वाचायची आणि दुकानात गेल्यावर गप्प व्हायची.

म्हणून यंदा व्हरांड्यातल्या भिंतीवर शब्द लिहायला घेतले. नियम एकच: मराठीत आणि कन्नडमध्ये उच्चार सारखा हवा, अर्थ निराळा. पहिला शब्द सापडला तो दुधाच्या वेळेला. कन्नडमध्ये दूध म्हणजे ‘हालु’, बोलताना नुसतं ‘हाल’. तिसरीतल्या एकानं विचारलं, “बाई, आज आपले हाल हायत काय?” वर्ग अर्धा तास आवरला नाही. मग शब्द येतच गेले. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस, आणि आपला हत्ती तो ‘आने’. आपली मनी म्हणजे मांजर, इकडच्या कन्नडमध्ये ‘मनी’ म्हणजे घर. आपलं अन्न म्हणजे सगळं जेवण, त्यांचं ‘अन्न’ म्हणजे शिजलेला भात. आणि ‘भत्त’ म्हटलं की शेतातलं भात. ‘होळे’ म्हणजे नदी, हे कळल्यावर होळीला नदीवर जायचं की नदीला होळीवर, यावर दोन दिवस वाद चालला.

दुसऱ्या बाजूला सारखे शब्दही लिहिले: अक्का, अण्णा, तूप आणि तुप्प, शाळा आणि शाले. भिंत भरली तेव्हा मुलांच्या लक्षात आलं की आपल्याला कन्नड बरंच येत होतं, ते कन्नड आहे हेच ठाऊक नव्हतं. ‘नट्टी’ (भाताची लावण) आणि ‘सुगी’ (कापणीचा हंगाम) हे आपण घरात रोज बोलतो ते शब्द कुठले, हे घरी विचारून या म्हटल्यावर काही आजोबा जरा रागावले. रागावू द्या. शब्द दोन्हीकडचे आहेत.

हापिसात पुढं काय होईल ते मी लिहून देऊ शकत नाही. पण बाजाराच्या दिवशी काय झालं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. नलिकलि म्हणजे काय? मुलगी म्हणते आम्ही चटईवर बसतो आणि कार्डं घेतो. पुस्तक कुठाय?

ही पहिली ते तिसरीला शिकवायची पद्धत. पुस्तकाचे धडे लहान लहान कार्डांत मोडलेले असतात. प्रत्येक कार्डावर चित्राची खूण, आणि खुणा कोणत्या क्रमानं घ्यायच्या ते भिंतीवरच्या शिडीवर. मूल आपली पायरी बघतं, कार्ड उचलतं आणि ठरलेल्या गटात जाऊन बसतं. एका गटाला बाईंची पूर्ण मदत, एकाला थोडी, एका गटात मुलं एकमेकांना शिकवतात, शेवटच्या गटात ज्याचं तो करतो. म्हणून एकाच वर्गात पहिलीची, दुसरीची, तिसरीची मुलं एकत्र दिसतात. शिक्षक कमी म्हणून कोंबलेली नाहीत. (शिक्षक कमी आहेत हेही खरं, पण ती वेगळी तक्रार.)

‘नलि’ म्हणजे आनंदानं, ‘कलि’ म्हणजे शीक. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात हे सुरू झालं, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळांचं काम पाहून. २००९-१० पासून राज्यभर आलं. वर्गात डोक्यावर दोऱ्या बांधून मुलांची कामं टांगलेली असतात, त्याला चप्पर म्हणतात. तुमच्या मुलीचं तिथं काय टांगलंय ते एकदा येऊन बघा. दारातूनच दिसतं.

आजारी पडून आठवडाभर आली नाही तर? आपल्याच पायरीवरून पुढं सुरू करते. वर्ग पुढं गेला आणि ती मागं राहिली, असं होत नाही.

४. मुलांचा बाजार कशासाठी भरवता? रताळी विकाय शाळेत धाडलंय काय आम्ही?

जानेवारीत मैदानावर ‘मक्कळ संते’ म्हणजे मुलांचा बाजार भरवला. चौथी ते सातवीची मुलं विकायला, बाकीची आणि गाव घ्यायला. रताळी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, पेरू, चिंचा, आवळे, लिंबू सरबत, आणि चिरमुरे तर होतेच. चिरमुऱ्यांशिवाय बेळगावकडं काही भरत नाही.

रताळी विकायला धाडलं नव्हतं, मान्य. पण गणितात नफा-तोटा, वजन, बेरीज-वजाबाकी आहे, आणि फळ्यावर ती कशी शिकवली जातात ते मला ठाऊक आहे, मीच शिकवते. ‘एका व्यापाऱ्याने’ म्हटलं की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघतो. त्या दिवशी कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं, एवढं सांगते.

एकाच मुलीचं उदाहरण घेते. तिनं चाळीसचे चिरमुरे आणि तीसची शेव आणली. भडंग करून कागदाच्या पुड्यांत विकला. विक्री झाली १०५ रुपये. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणाली, पस्तीस रुपये नफा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, तेल-तिखट-शेंगदाणे कुठनं आले? घरातले. मग ते फुकट काय? आणि परतलं कोणी? आईनं. आईचं काय? वर्ग दोन तट पडून भांडायला लागला. एक तट म्हणे आई कुठं पैसे घेते, दुसरा म्हणे गाड्यावरचा भडंगवाला माणूस ठेवतो तर त्याला देतोच की. मी मधे पडले नाही. घरी विचारून या म्हटलं.

आईचा निरोप आला, “माझा रोज पन्नास लावा म्हणावं.” म्हणजे पंधरा रुपये तोटा. मुलगी हिरमुसली, पण नफा-तोट्याचा धडा मला परत घ्यावा लागला नाही.

फजित्याही झाल्या. एकानं वीसच्या रताळ्यांवर पन्नासची नोट घेऊन चाळीस परत दिले. गिऱ्हाईक त्याचा सख्खा मामा, तो गप्प बसला आणि संध्याकाळी घरी हिशेब मांडला. सुट्टे पैसे तासाभरात संपले. तागड्या तीनच होत्या, त्यातली एक खोटं बोलत होती. ती आमच्याच कपाटातली निघाली.

आणि कन्नडचं: शेजारच्या गावातल्या काही बायका आल्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. सहावीतला जो मुलगा कन्नडच्या तासाला मान वर करत नाही तो ओरडायला लागला, “हत्तु रूपायिगे एरडु!” दहाला दोन. पेरू त्याचेच आधी संपले.

५. बाजारातले पैसे कुणाचे?

मुलाचे. शाळा एक रुपया घेत नाही. भांडवल घरून घेतलं असेल तर ते आधी परत करायचं, एवढी शिस्त आम्ही लावतो. नफा किती, हे ठरवायला प्रश्न ४ मधली आई आठवा.

६. जुलैत पोरं नट्टीच्या चिखलात उतरवली. ही बालमजुरी नव्हे काय?

प्रश्न बरोबर आहे आणि विचारायलाच हवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच धंद्यांत बंद आहे. घरच्या कामात शाळेची वेळ सोडून मदतीला सवलत आहे. म्हणून आमचं असं ठरलं होतं: शेत एका पालकाचं, मुलं तिथं जेमतेम दीड तास, पालकांची लेखी परवानगी, आणि त्या वाफ्याची खरी लावण बायकांनी आधीच उरकलेली. मुलांना कोपऱ्यातला एक तुकडा दिला होता. त्यांनी लावलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावं लागलं. मजुरी मागितली असती तर शेतमालकानंच मागितली असती.

मुलांनी केलं काय? दोन रोपांत एक वीत अंतर ठेवा, असं काकूंनी सांगितलं. प्रत्येकानं आपली वीत लावली. ओळी वाकड्या, कुठं दाट कुठं पातळ. “माझी वीत बरोबर” म्हणून चिखलातच भांडण. वर्गात परत आल्यावर सगळ्यांनी आपापली वीत पट्टीनं मोजली: कोणाची तेरा सेंटिमीटर, कोणाची सोळा, काकूंची वीस. पट्टी कशाला लागते हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आले. यंदा सांगावं लागलं नाही.

धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणं) आणि नट्टी यांतला फरक, रोपं पेंढी बांधून कशी नेतात, इंद्रायणी कोणती आणि गावातून नाहीशी होत चाललेली जुनी बासमती कोणती, हेही कळलं. बासमती दाखवायला एका आजोबांनी घरातून मूठभर तांदूळ आणले. हुंगून झाल्यावर परत मोजून घेतले.

चूक आमचीही झाली. एका मुलाच्या पायाला कापलेलं होतं, ते आम्ही आधी पाहिलं नाही. घरी गेल्यावर पाय सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं. आता चिखलात उतरण्याआधी प्रत्येकाचे पाय बघतो. जखम असेल तर बांधावर बसून ओळी मोजायच्या. हरवलेल्या चपलेचं विचारणाऱ्यांसाठी: सुगीला सापडली. एकच.

७. सहलीचे पैसे देऊन कणकुंबीला कशाला? ते तर आपलंच आहे.

म्हणूनच. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. ती पूर्वेकडं वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आपल्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात म्हादई उगवते आणि गोव्यातून अरबी समुद्राला जाते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना. पुस्तकात ‘जलविभाजक’ असा शब्द आला की मुलं तो पाठ करतात. आम्ही दोन बाटल्या पाणी एका उंचवट्यावर ओतलं, एक ओघळ इकडं गेला, एक तिकडं.

गाडीभाड्यापुरते पैसे घेतले. ज्यांना जमले नाहीत त्यांची मुलंही आली, कोण ते विचारू नका.

८. मातीकामाचे मडके फुटके का दिले?

फुटलं ते वाळताना. खानापूरची माती मडकी-कौलांसाठी पूर्वीपासून नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथंच आहे, पण माती चांगली म्हणून घाई चालत नाही. मुलांनी भांडी उन्हात ठेवली. बाहेरून आधी वाळली, आतून ओली राहिली, तडकली. ज्यांनी सावलीत फडक्याखाली ठेवली त्यांची टिकली.

याच तासाला ओल्या मातीच्या वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायला लावली होती. आठवड्यानं तीच रेघ मोजली तर नऊ आणि काही मिलिमीटर. “बाई, पट्टी वाढली!” असं एकीनं जाहीर केलं. पट्टी का वाढली नाही हे तिला पटायला दुसरी पट्टी आणावी लागली.

९. शाळेत अंडी देतात. आम्ही माळकरी आहोत, काय करायचं?

जूनमध्ये विचारतो तेव्हा ‘केळी’ म्हणून सांगा, झालं. अंडी न खाणाऱ्या मुलांना केळं मिळतं. अंडी वेगळ्या भांड्यात उकडतात, वाटपही वेगळ्या रांगेत. सप्टेंबर २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडी सुरू झाली, त्याआधी दोनच दिवस होती. मुलांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं: कोण केळ्याच्या रांगेत आणि कोण अंड्याच्या, यावरून इथं कोणी कोणाला चिडवत नाही. घरी सांगितलेलं एक आणि इथं निवडलेलं दुसरं, असं कधी झालं तर आम्ही फोन करतो. मुलाला रागावू नका.

दूध क्षीरभाग्य योजनेचं, १ ऑगस्ट २०१३ पासून. १८ ग्रॅम पावडरीचं १५० मिलिलिटर. काही दिवस त्यात नाचणीचं माल्ट असतं. भात पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदळाचा, सहावी-सातवीला १५० ग्रॅमचा. आज किती मुलं, किती किलो तांदूळ, हा हिशेब पाचवीची मुलं रोज सकाळी करून स्वयंपाकघरात चिठ्ठी देतात. एकदा शून्य चुकलं. स्वयंपाकाच्या मावशींनी चिठ्ठी परत पाठवली: “गावजेवण हाय काय?”

१०. एवढं सगळं करता, तर पोर्शन कधी पूर्ण होणार?

पोर्शन झालाय, वह्या बघा. कायद्याप्रमाणं पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी-सातवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवायचं असतं. बाजार, नट्टी, कणकुंबी, मातीकाम सगळं धरून चार-पाच दिवस होतात. अभ्यास खरा बुडतो तो जुलैतल्या पावसाच्या सुट्ट्यांनी, आणि त्यावर मला कोणी प्रश्न विचारत नाही. त्या सुट्ट्या शनिवारी जादा तास घेऊन भरून काढतो.

शिवाय वर लिहिलेलं पुन्हा वाचा. वीत हे मोजमाप, भडंग हा नफा-तोटा, तांदूळ हा गुणाकार. पोर्शन त्यातच होता.

११. मग याला गुण किती? परीक्षा कशी असते?

वर्षात चार आकारिक चाचण्या आणि दोन संकलित, म्हणजे मुलं ज्यांना एफए आणि एसए म्हणतात त्या. प्रत्येक सत्रात दोन एफए पंधरा-पंधरा टक्क्यांच्या आणि एक एसए वीस टक्क्यांची. एफएमध्ये लेखी पेपरच हवा असं नाही. मुलाचं काम, बोलणं, प्रकल्प धरता येतो. बाजाराचा हिशेब आम्ही तिथं धरला. तोटा आलेल्या मुलीला पूर्ण गुण मिळाले, हिशेब बरोबर होता म्हणून.

१२. महिन्यातून एक शनिवार दप्तर नको म्हणतात, मग धाडायचं कशाला?

धाडा. तिसऱ्या शनिवारी दप्तराला सुट्टी, मुलाला नाही. त्या दिवशी गोष्टी, खेळ, रहदारीचे नियम, शाळेची बाग असं चालतं. एरवीही दप्तराचं वजन ठरलेलं आहे: पहिली-दुसरीला दोन किलोपर्यंत, तिसरी ते पाचवीला तीन, सहावी-सातवीला चार. गेल्या महिन्यात तागडीवर घातलं (दुरुस्त झालेल्या) तर एका दुसरीतल्याचं पाच किलो भरलं. आत दोन गुळगुळीत दगड होते, मलप्रभेचे.

१३. आम्ही चंदगडकडून मधेच आलो. टीसी अजून मिळालेली नाही, आणि मुलाला कन्नड शून्य.

टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मूल उद्यापासून पाठवा, कागद मागून येऊ द्या. फक्त महाराष्ट्रातल्या शाळेला टीसीसाठी अर्ज केल्याची पोच जपून ठेवा. इथं प्रत्येक विद्यार्थ्याला राज्याच्या संगणकावर स्वतंत्र नंबर असतो, तो काढताना लागते.

वयाप्रमाणं जो वर्ग येतो तोच देतो. कन्नड येत नाही म्हणून खालच्या वर्गात बसवत नाही. मागे पाचवीत आलेला एक मुलगा पहिले दोन महिने कन्नडला नलिकलिच्या चटईवर जाऊन बसायचा, धाकट्या बहिणीच्या शेजारी. बहीण त्याला शिकवायची आणि चुकला की हातावर चापट मारायची. बाईंना मारायला कायद्यानं बंदी आहे, बहिणींना नाही.

१४. आम्ही चार-पाच महिने ऊसतोडीला जातो. मूल न्यावं की ठेवावं?

ठेवता आलं तर आजीपाशी ठेवा. न्यावंच लागलं तर जाण्याआधी आम्हाला सांगा. जिथं जाल तिथल्या सरकारी शाळेत त्याला बसू दिलं पाहिजे, असा नियम आहे, आणि परत आलं की ते आमच्याच वर्गात. न सांगता गेलात तर महिनाभर आम्ही घरी फेऱ्या मारत बसतो.

वीटभट्टीवर बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठीही हेच. भट्टीवरची मुलं शाळेच्या वेळी कामावर दिसली तर आम्हाला कळवा. नाव सांगायची गरज नाही.

१५. आमचा मुलगा चारचौघांत बोलतच नाही. प्रतिभा कारंजी, बाजार, यात त्याचा काय उपयोग?

प्रतिभा कारंजी म्हणजे सरकारी शालेय कलागुणांची स्पर्धा. तिच्यात मराठीतलं पाठांतरही असतं आणि मातीकाम, चित्र, रांगोळीही. केंद्र (जवळच्या शाळांचा गट) पातळीवर निवड झाली की तालुका, मग जिल्हा. पण सगळ्यांनी व्यासपीठावर गेलंच पाहिजे, असं आमचं म्हणणं नाही. बाजारात असाच एक मुलगा गल्ल्यावर बसवला होता. दिवसभर एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी त्याच्या डब्यातली रक्कम आणि वहीतला हिशेब पैशापैशानं जुळला. असं दुसऱ्या कुणाचंच जुळलं नव्हतं, माझंही नाही.

१६. १ नोव्हेंबरला शाळेत काय करता?

सरकारी शाळा आहे, कर्नाटक राज्योत्सव होतो. मुलांना एवढं सांगतो की १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवर राज्यं मांडली गेली आणि आपला भाग तेव्हा या राज्यात आला. घरी तो दिवस कोण कसा पाळतं, हे ज्याचं त्याचं. राज्यघटनेत ३५० अ कलम आहे, भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी असं सांगणारं. तेही त्याच १९५६ सालचं. सातवीला ते वाचून दाखवतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनही करतो, तेव्हा कन्नड शिकवणारे सर सूत्रसंचालन करतात.

१७. नवोदयची परीक्षा मराठीतून देता येते काय?

येते. पाचवीत असताना द्यायची, सहावीत प्रवेश. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास: अर्धे प्रश्न बुद्धिमत्तेचे, उरलेल्यांत अंकगणित आणि भाषा. जिल्ह्यातल्या शाळेत पाचवीला असावं लागतं. फॉर्म आम्ही भरून देतो. सही आणि फोटो तेवढे वेळेवर द्या, शेवटच्या रात्री नको.

१८. आम्हाला लिहाय-वाचाय येत नाही. आम्ही शाळेत येऊन काय करणार?

गेल्या पावसाळ्यात पाचवीला अपूर्णांक चालू होते. अर्धा, पाव, एक अष्टमांश. भाकरीची चित्रं काढून फळा पांढरा झाला तरी दोन अष्टमांश म्हणजे पाव, हे उतरत नव्हतं. एका मुलाची आजी त्याला न्यायला आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “येवढं हुय? उद्या येतो मी.”

दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून पितळेची मापं घेऊन आली. कोळवं, चिपटं, मापटं, शेर. खाली धोतर पसरलं, भात ओतलं आणि मुलांच्या हातात मापं दिली. दोन कोळवी की एक चिपटं, दोन चिपटी की मापटं, दोन मापटी की शेर, चार शेर की पायली. मुलं भरत होती, ओतत होती. कोणी सैल भरलं की ती माप हिसकावून घ्यायची, तळहातानं वरून सपाट करायची आणि म्हणायची, “असं. नाहीतर सावकार झालास.” अर्ध्या तासानं मी विचारलं, शेराचा आठवा भाग किती? सगळे ओरडले, कोळवं!

तिला अंगठा उठवावा लागतो. हजेरीत ‘पाहुणे शिक्षक’ म्हणून तिचा अंगठा आहे. वहीला भाताचं तूस अजून चिकटलेलं आहे, ते मी काढलेलं नाही.

१९. पुढचा बाजार कधी?

रताळी निघाली की. तारीख ग्रुपवर टाकू. यंदा चौथीच्या मुलांनी ठराव केलाय की आईचा रोज आधीच ठरवून घ्यायचा, तर किती मागायचा ते घरात बोलून ठेवा. आणि येताना कापडी पिशवी आणि दहा-वीसच्या नोटा घेऊन या, पाचशेची मोड कुणाकडंच नसते.